आरशातली अक्का

"गाणं छान झालंय," आई म्हणाली, "पण ही मुलगी कोण?"

सुमेधा मगदूम हसली. टीव्हीच्या पडद्यावर पन्हाळ्याचा उतार होता, जुन्या निळ्या स्कूटरचं हँडल होतं आणि हँडलवरच्या गोल आरशात एक चेहरा होता. वाऱ्यानं डोळे बारीक केलेला, ओढणीचं टोक दातांत धरलेला, हसरा चेहरा.

"आई, अक्का आहे ती."

आईनं चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिथून वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"सुमे, ही अक्का न्हवं."

"असं काय करालीस? नीट बघ की."

"नीटच बघितलं. मी जन्माला घातलेली पोर मला ओळखू येणार नाही व्हय?"

आईच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती. तिनं आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेले अक्काचे फोटो काढले आणि फोन सुमेधाच्या हातात दिला. अक्काचं कपाळ रुंद होतं. एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. झोपाळ्यावरून पडल्याची खूण डाव्या भुवईतून आरपार गेलेली होती. पडद्यावर थांबवलेल्या चेहऱ्यात यातलं काहीच नव्हतं. शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं की ही दोन वेगळी माणसं आहेत.

सुमेधालाही ते दिसत होतं. तरीही फोटोतली मुलगी तिला कुणीतरी लांबच्या नात्यातली वाटत होती, आणि आरशातल्या चेहऱ्याला हाक मारावीशी वाटत होती.

"तुला खरंच ही अक्का वाटते?" आईनं विचारलं.

"वाटत नाही गं. आहे."

 ताप बघावा तसा आईनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

अक्का म्हणजे शैलजा, सुमेधाची मोठी बहीण. विसाव्या वर्षी डेंग्यूनं गेली. त्याच्या वर्षभर आधी, सुमेधा नऊ वर्षांची असताना, तिनं धाकटीला मागं बसवून बाबांच्या जुन्या गिअरच्या स्कूटरवरून पन्हाळ्याला नेलं होतं. परत येताना उतार लागला तसं तिनं इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि म्हणाली, "आता ऐक." फटफट थांबली. नुसता वारा राहिला. मग अक्का गायला लागली आणि आरशातून मागं बघून हसली. पुढं आयुष्यात सुमेधानं गाणं धरलं ते तिथून.

हे तिनं फक्त एका माणसाला सांगितलं होतं, यशोधन इंगवलेला. दोघं कोल्हापुरात इंजिनिअरिंगला एका वर्गात होते, तिसरा जुबेर मुजावर. तिघांनी वर्गात मागच्या बाकावर बसून बँड काढला आणि त्याचं नावही 'मागचा बाक' ठेवलं. यशोधन गायचा आणि गिटार वाजवायचा, जुबेर ड्रमवर, सुमेधा बेस वाजवायची आणि शब्द लिहायची. यशोधन आणि तिच्यात प्रेमाबिमाची भानगड कधी नव्हती. पण अक्काचा विषय निघाला की घरात आई उठून आत जायची, तेव्हा रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसून तासन्‌तास ऐकून घेणारा तोच होता. "ह्याचं गाणं कर," तो म्हणाला होता. तिला ते जमायला कित्येक वर्षं लागली. तोवर बँड पुण्याला आला होता. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, कॅफेंमध्ये, लोक पिझ्झा खाताना आणि एकमेकांशी बोलताना हे तिघं गात होते. अशाच एका दुपारी तिला ओळी सुचल्या:

*इंजिन बंद कर गं, उतार आपला आहे,*
*वाऱ्याला गिअर नसतो, एवढंच ठाऊक आहे.*

गाण्याचं नाव 'न्यूट्रल'. यशोधननं चाल लावली आणि तिघांनाही कळलं की आजवर आपण केलं त्यापेक्षा हे काहीतरी वेगळं झालंय. 'शीळ' नावाच्या, त्या वेळी घरोघरी पोचलेल्या संगीत ॲपनं ते ऐकलं आणि लगेच उचललं. अट एकच होती, व्हिडिओ आठवणीतून काढायचा.

आठवणीतून व्हिडिओ काढायचं वेड तेव्हा नवं होतं. पुण्यात डॉ. विदुला प्रभुणे यांच्या प्रयोगशाळेत एक शिरस्त्राण होतं. सगळे त्याला नुसतं 'टोप' म्हणायचे. मेंदूतल्या पेशी काम करत असतात तेव्हा फार क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. टोपातले संवेदक ते बाहेरून टिपत. आधी माणसाला हजारो चित्रं दाखवायची आणि प्रत्येक चित्राला त्याचा मेंदू कसा प्रतिसाद देतो ते संगणकाला शिकवायचं. मग त्या माणसानं डोळे मिटून काही आठवलं, की संगणक उलट्या दिशेनं जायचा. प्रतिसादावरून चित्र ओळखायचा आणि पडद्यावर उमटवायचा. प्रत्येक माणसाच्या मेंदूची भाषा वेगळी, म्हणून संगणकाला दर वेळी नव्यानं शिकावं लागे.

सुमेधा टोप घालून बसली, तिनं डोळे मिटले आणि अठरा वर्षांपूर्वीची ती दुपार बाहेर आली. चित्र धूसर होतं, पाण्यातून बघितल्यासारखं हलत होतं. जुबेर ते बघून डोळे पुसत खोलीबाहेर गेला. सुमेधाला स्वतःला ते बघता आलं नाही. डोकं इतकं दुखत होतं की तिला शेजारच्या खोलीत झोपवलं.

संध्याकाळी ऊन उतरताना यशोधन तिला सरावाच्या खोलीवर घेऊन गेला. "कच्चं एडिटिंग झालंय," तो म्हणाला. "बघ."

तिनं बघितलं. उतार तोच, हँडल तेच. चेहऱ्यापाशी ती अडखळली.

"अक्का जरा वेगळी दिसतेय का रे?"

"पहिल्या वेळी असा गोंधळ येतोच. डोळ्यांना सवय होईल." त्यानं तिचा हात हातात घेतला. "डोळे मिटू नकोस, सुमे. पूर्ण बघ. पुन्हा बघू."

त्यांनी पुन्हा बघितलं. आणखी कितीतरी वेळा बघितलं. ती रडली तेव्हा त्यानं हात घट्ट धरला. दोन दिवसांनी तो म्हणाला, चित्र साफ करायला दुसऱ्यांदा टोप घालावा लागेल. ती गेली. या वेळचं चित्र इतकं जिवंत निघालं की प्रयोगशाळेतली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली.

'न्यूट्रल' आलं आणि पंधरवड्यात महाराष्ट्रभर वाजायला लागलं. लग्नात, जिममध्ये, रिक्षात. पोरं उतारावर गाड्या बंद करून व्हिडिओ काढू लागली, पोलिसांना सूचना काढावी लागली. सुमेधा चार दिवस काढून कोल्हापूरला आली ती आईच्या शेजारी बसून गाणं बघायला. आणि आई म्हणाली, ही मुलगी कोण?

पुण्याला परतल्यावर सुमेधा आधी डॉक्टर प्रभुण्यांकडं गेली. घडलेलं सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता खुर्चीत पुढं सरकून बसल्या.

"पण चेहरा बदलायचा हे तुम्हीच ठरवलं होतंत ना?"

"मी?"

"यशोधन मला म्हणाले, बहिणीचा चेहरा जगाला दाखवायचा नाही अशी तुमची इच्छा आहे. मला ते पटण्यासारखं वाटलं. मी तुम्हाला थेट विचारायला हवं होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. ती भिंतीवरच्या गिलाव्यासारखी असते. आपण काही मनापासून आठवतो तेव्हा तो गिलावा पुन्हा ओला होतो आणि काही तासांनी पुन्हा सुकतो. साध्या आठवण्यात वरवरचाच ओला होतो. टोप घालून आठवताना मात्र पार आतपर्यंत. त्या काही तासांत समोर जे येईल त्याचा ठसा उमटतो आणि सुकल्यावर तो मूळचाच होऊन बसतो. मूळ कसं होतं हे मग त्या माणसालाही सांगता येत नाही.

"म्हणजे त्या संध्याकाळी त्यानं जे दाखवलं..."

"ते मूळ वाचन नव्हतं. त्यावर दुसरा चेहरा चिकटवलेला होता. चिकटवलेला चेहरा बघणाऱ्याला लगेच कळतो. उजेड जुळत नाही, हालचाल जुळत नाही. पण तो तुमच्या मेंदूनं एकदा आपला म्हटला, की सगळं तुमचा मेंदूच जुळवून घेतो. दुसऱ्या वाचनात आम्हाला ते एकसंध मिळतं. कुठं जोड दिसत नाही."

"इतक्या सहज?"

डॉक्टरांनी नजर टेबलाकडं वळवली. "सहज नाही. मन विरोध करतं. म्हणून आमच्या सूचनांमध्येच आहे की त्या वेळी शेजारी विश्वासातलं माणूस असावं. त्यानं धीर द्यावा, हात धरावा. म्हणजे विरोध मावळतो."

सुमेधानं आपला उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

ती सरावाच्या खोलीवर गेली तेव्हा यशोधन गिटारची तार बदलत होता आणि जुबेर ड्रमचं चामडं ताणत होता. तिनं दारातूनच विचारलं, "तो चेहरा कुणाचा आहे?"

यशोधननं 'काय', 'कुठला' असं नाटक केलं नाही. तार तशीच लोंबत सोडून त्यानं गिटार बाजूला ठेवली.

"शीळचा आहे. संगणकानं बनवलेला. मायरा म्हणतात तिला. त्यांना ती सगळीकडं आणायचीय, गाण्यात, जाहिरातीत. आपल्या गाण्यातून सुरुवात करायची, नाहीतर गाणं नको, असं म्हणाले."

"मग मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

जुबेर उठून उभा राहिला होता. "यश्या, तू मला म्हणालास सुमेधाला माहीत आहे."

यशोधननं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो सुमेधाशीच बोलत राहिला, भराभरा, समजुतीच्या सुरात. "किती वर्षं आपण लोकांच्या जेवणात गायलो? तुझे शब्द कुणी ऐकत नव्हतं. आज पोरं ते छातीवर गोंदवून घ्यायला लागलीत. व्हिडिओत चार सेकंद दिसतो तो चेहरा. चार सेकंदांपायी सगळं सोडायचं होतं का? आणि अक्का तर गेलेलीच आहे, सुमे. तिला काय फरक पडणार?"

सुमेधाला वाटलं होतं आपण ओरडू. पण तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

"मला एकच सांग. त्या संध्याकाळी मी रडत होते आणि तू माझा हात धरला होतास. ते तुझ्या मनानं, का शीळवाल्यांनी सांगितलं होतं म्हणून?"

खाली रस्त्यावर कुणीतरी 'न्यूट्रल' लावून गाडी पुढं नेली. यशोधन लोंबणाऱ्या तारेकडं बघत होता.

"त्यांनी सांगितलं होतं," तो अखेर म्हणाला. "पण मला वाईटही वाटत होतं. खरंच वाटत होतं."

तिनं कोपऱ्यातला बेस खोळीत भरला, खांद्याला लावला आणि जिना उतरली.

पहिलं वाचन डॉक्टरांकडं जपून ठेवलेलं होतं. ज्याची आठवण त्याला ते मागता येतं असा कायदाच होता. सुमेधानं आईला पुण्याला बोलावून घेतलं आणि दोघी मायलेकी प्रयोगशाळेतल्या छोट्या खोलीत शेजारी बसल्या. पडद्यावर पुन्हा तोच उतार आला, धूसर, हलणारा. आरशात चेहरा आला. रुंद कपाळ, चढलेला सुळा, भुवईतली खूण.

"हीच," आई म्हणाली. "हीच माझी शैला." आणि तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

सुमेधा बघत होती. ती मन लावून, जीव एकवटून बघत होती. एक अनोळखी मुलगी स्कूटर चालवत होती आणि तिच्याकडं बघून हसत होती. आत काही हललं नाही. तेव्हा मात्र, हे सगळं कळल्यापासून पहिल्यांदा, तिला रडू आलं. बहीण जाण्याचं रडू तिला माहीत होतं. हे त्यातलं नव्हतं.

आईनं डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण गाडीला आरसा कुठला?"

"म्हणजे?"

"तुझे बाबा होते तेव्हाच गाडी अंगणात पडून आरसा फुटला होता. नवा बसवून घे, बसवून घे म्हणून मी अक्काच्या मागं लागले होते. तिनं शेवटपर्यंत बसवला नाही. त्यावरनं रोज भांडण आमचं."

 मागं उभ्या असलेल्या डॉक्टर हळूच म्हणाल्या, "असं होतं. मागं बसलेल्या मुलाला पाठच दिसते. पण आठवताना माणूस हवं असतं ते मन आणून ठेवतं."

"म्हणजे माझंसुद्धा खोटंच होतं," सुमेधा म्हणाली. "मग त्यानं वेगळं काय केलं?"

डॉक्टर उत्तर शोधत होत्या. आईला शोधावं लागलं नाही.

"तू लहान होतीस. अक्का गेल्यावर तुला तिचं तोंड बघायचं होतं, म्हणून तू आरसा बसवलास. तुझ्या बहिणीसाठी तू बसवलास. त्यानं कुणासाठी बसवला?"

सुमेधानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग म्हणाली, "डॉक्टर, मला माझं आहे ते परत पाहिजे."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गिलावा पुन्हा ओला करून त्यावर पहिलं वाचन दाखवता येईल. पण खालचा ठसा पुरता जाईल याची खात्री नाही. प्रत्येक वेळी भिंत थोडी झिजतेच. आणि जे परत येईल ती आठवणीची टोपातून निघालेली नक्कल असेल. सुमेधानं सगळं ऐकलं आणि टोप मागितला. या वेळी शेजारी आई होती. तिनं हात धरला, पण बघ म्हणाली नाही, डोळे मिटू नकोस म्हणाली नाही. ती आपली अक्काबद्दल बोलत राहिली. ती भाकरीचा पापुद्राच कशी खायची, परीक्षेच्या दिवशी कशी उशिरा उठायची, आईशी भांडून गच्चीत जाऊन गाणी कशी म्हणायची. पडद्यावर खरा चेहरा येत होता, जात होता.

व्हिडिओवर तिचा हक्क चालला नाही. आठवण तिची असली तरी चेहरा शीळचा होता. शब्दांवर मात्र तिचा हक्क होता. तिनं ते काढून घेतले. शीळनं त्याच चालीवर दुसऱ्या कुणाकडून शब्द लिहून घेतले, यशोधननं ते गायले आणि आठवड्याभरात लोक नवे शब्द म्हणायला लागले. पहिले काय होते हे फारसं कुणाला आठवलं नाही. जुबेरनं फोन केला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "मी सोडायला पाहिजे होतं. पण मला दुसरं काय येतं, सुमेधा?" तिनं त्याला दोष दिला नाही आणि परत फोनही केला नाही. ती कोल्हापूरला आली आणि एका शाळेत संगीत शिकवू लागली.

महिने गेले. आठवणीतल्या आरशातला चेहरा हळूहळू बदलत होता, निदान तिला तसं वाटत होतं. कधी डोळे मिटले की भुवईतली खूण दिसायची. आई रोज विचारायची नाही, पण जेवताना तिच्याकडं बघत राहायची. एका सकाळी सुमेधा म्हणाली, "आज स्वप्नात अक्काचा दात दिसला," तर आईनं दुपारी गोड सांजा केला.

दिवाळीच्या आधी दोघी स्कूटरवरून बाजाराला निघाल्या. सुमेधा चालवत होती, आई मागं. चौकात सिग्नल लागला आणि तिनं मान वर केली. समोरच्या इमारतीवर नवं होर्डिंग लागलं होतं, विजेवरच्या स्कूटरचं. भला मोठा गोल आरसा, त्यात वाऱ्यानं डोळे बारीक केलेली, ओढणीचं टोक दातांत धरलेली मायरा.

तिला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. 'अक्का', असं तिचं मन म्हणालं आणि बाजारात हरवलेलं पोर आई दिसल्यावर तिच्याकडं धावतं तसं ते त्या चेहऱ्याकडं धावलं. रुंद कपाळ, चढलेला दात, भुवईतली खूण हे सगळं नंतर आलं, एकेक करून, आठवून आठवून.

आईनंही होर्डिंग बघितलं होतं. मागून तिनं खांद्यावर हात ठेवला.

"आता ह्या बाईला बघून काही वाटत नाही न्हवं तुला?"

"नाही," सुमेधा म्हणाली.

"खरं?"

"खरं, आई."

सिग्नल सुटला तशी तिनं गाडी पुढं काढली. आई मागं बसून काय काय घ्यायचं ते सांगत राहिली, आणि आईनं आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवला, हे तिच्या मोकळ्या आवाजावरून सुमेधाला कळत होतं.